'सनमध्ये छापून आलं म्हणजे ते खरंच': आठ वर्षांच्या मुलीचं एक पत्र आणि तिचे सवंगडी

न्यूयॉर्कमधल्या वेस्ट ९५व्या रस्त्यावर, ११५ क्रमांकाच्या घरातून १८९७ साली 'द सन' या वर्तमानपत्राला एक पत्र गेलं. मजकूर जेमतेम चार ओळींचा. मी आठ वर्षांची आहे. माझे काही छोटे सवंगडी म्हणतात की सांताक्लॉज नसतोच. बाबा म्हणतात, सनमध्ये छापून आलं म्हणजे ते खरंच. मला कृपा करून खरं काय ते सांगा, सांताक्लॉज आहे का? खाली सही: व्हर्जिनिया ओ'हॅनलन.

या पत्राला जे उत्तर छापून आलं, ते इंग्रजी वृत्तपत्रांच्या इतिहासातल्या सर्वांत जास्त वेळा पुन्हा छापल्या गेलेल्या अग्रलेखांपैकी एक आहे. 'होय व्हर्जिनिया, सांताक्लॉज आहे' या अर्थाचं त्यातलं वाक्य अमेरिकेत म्हणीसारखं वापरतात. नाताळ जवळ आला की ही गोष्ट गोड गोड करून सांगितली जाते. मी ती बरीच वर्षं तशीच ऐकली होती आणि तशीच इतरांना सांगतही होते. नंतर व्हर्जिनियाने मोठेपणी सांगितलेली हकिगत वाचनात आली आणि तिच्यातल्या एका शब्दापाशी अडखळले. तेव्हापासून हे प्रकरण मला एखाद्या दप्तरातल्या फायलीसारखं उलगडून बघावंसं वाटतं. प्रश्न कोणी विचारला, कोणी टाळला, कोणी उत्तर दिलं, आणि कोणाची बाजू कोणी ऐकलीच नाही.

घरातली माणसं

व्हर्जिनियाचा जन्म जुलै १८८९चा. वडील फिलिप ओ'हॅनलन डॉक्टर होते आणि शहराच्या कॉरोनरच्या हाताखाली काम करत. म्हणजे एखादा मृत्यू संशयास्पद वाटला, तर माणूस कशाने गेला हे ज्या खात्याला ठरवावं लागतं, त्या खात्यातले. दिवसभर ज्याचा संबंध पुराव्याशी, अशा माणसाला घरी आल्यावर लेक विचारते की धुराड्यातून खरंच कोणी उतरतं का. या प्रकरणातला हा योगायोग मला फार आवडतो.

मोठेपणी व्हर्जिनियाने सांगितलं ते साधारण असं. सांताक्लॉजवर तिचा विश्वास असणं साहजिकच होतं, कारण त्याने तिला कधी निराश केलं नव्हतं. पण तिच्याइतकी नशीबवान नसलेली मुलं सांता नसतोच असं म्हणायला लागली, तेव्हा तिच्या मनात शंका आली. तिने वडिलांना विचारलं. वडिलांनी थोडी टाळाटाळ केली.

त्यांच्या घरात एक रीत होती. एखाद्या शब्दाचा उच्चार कसा करायचा, इतिहासातली अमुक गोष्ट कशी घडली, असा काही वाद निघाला की 'सन'च्या प्रश्नोत्तरांच्या सदराला पत्र टाकायचं. उत्तर छापून आलं की वाद मिटला. 'सनमध्ये आलं म्हणजे ते खरंच' हे वडिलांचं पालुपद त्यातलंच. तेव्हा मुलीने जाहीर केलं की मी सनलाच लिहिते आणि खरं काय ते शोधून काढते. वडील हसले. म्हणाले, लिही की. ते नेहमीप्रमाणे बरोबर उत्तर देतील, याची मला खात्री आहे.

(जाता जाता: याच 'सन'ने ऑगस्ट १८३५मध्ये एक लेखमाला छापली होती. चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं राहतात आणि ती सर जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीतून पाहिली, असं त्यात बिनदिक्कत लिहिलं होतं. सगळं धादांत बनावट. डॉक्टरसाहेबांना ते ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे.)

वडिलांनी नेमकं काय केलं

पालकाला असा प्रश्न आला की सरळ वाटा दोनच. 'आहे' म्हणायचं किंवा 'नाही' म्हणायचं. डॉक्टरांनी दोन्ही टाळलं. वरवर ही पळवाट दिसते, आणि ती होतीही. पण तिचा हिशोब बघा. त्यांच्या तोंडून खोटं असं एकही वाक्य गेलं नाही. पुढे कधी मुलीला कळलं असतं, तर 'बाबा, तुम्ही मला फसवलंत' असं म्हणायला तिला जागा नव्हती. दुसरं म्हणजे, शोध घेण्याचं काम त्यांनी तिच्याकडेच राहू दिलं. आठ वर्षांच्या पोरीने स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, पत्ता घातला, आणि ज्याचा शब्द घरात प्रमाण मानतात त्यालाच थेट विचारलं. 'गप्प बस, मोठी झालीस की कळेल' यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्यात जोखीमही मोठी होती. प्रश्नोत्तरांच्या सदरात रोज शेकडो शंका निकालात काढणाऱ्या एखाद्या कंटाळलेल्या कारकुनाच्या हाती ते पत्र पडलं असतं, तर उत्तर एका ओळीत आलं असतं: नाही, ही एक जुनी दंतकथा आहे. आणि मग 'सनमध्ये आलं म्हणजे खरं' या स्वतःच्याच वाक्याने वडिलांना बांधून टाकलं असतं. आपल्या मुलीच्या बालपणाचा एवढा महत्त्वाचा निकाल त्यांनी एका परक्याच्या हाती दिला. धाडस म्हणावं की आळस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा कल आळसाकडे झुकतो, पण मुलांच्या बाबतीत चांगल्या गोष्टी बऱ्याचदा आळसातूनच घडतात.

परक्या माणसाचं उत्तर

पत्र टाकल्यावर व्हर्जिनिया रोज पेपर उघडून बघायची. तिला साधंसं उत्तर हवं होतं. ते आलं नाही. ती हिरमुसली आणि विसरूनही गेली.

इकडे 'सन'च्या कचेरीत ते पत्र अग्रलेखांचं पान सांभाळणारे एडवर्ड मिचेल यांच्याकडे पोचलं आणि त्यांनी ते फ्रान्सिस फार्सेलस चर्च या सहकाऱ्यापुढे ठेवलं. चर्च तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. धर्मोपदेशकाचा मुलगा, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वेळी वार्ताहर म्हणून काम केलेला, स्वतःला मूलबाळ नसलेला माणूस. मिचेल यांनी पुढे आठवण लिहून ठेवली की विषय काढताच चर्च उखडले, हे काय भलतंच म्हणून त्यांनी तो झटकला. पण शेवटी पत्र उचललं आणि 'आलिया भोगासी' अशा चेहऱ्याने टेबलाकडे वळले.

२१ सप्टेंबर १८९७ला ते छापून आलं. नाताळला तीन महिने अवकाश. तेही ठळक जागी नाही. अग्रलेखांच्या तिसऱ्या स्तंभात, कनेक्टिकटमधल्या निवडणूक कायद्यातल्या गोंधळावरचं आणि साखळी नसलेल्या नव्या सायकलींवरचं भाष्य यांच्यासारख्या मजकुरांनंतर. लेखकाचं नाव नव्हतंच. त्या पानाची तशी पद्धतच होती. १९०६च्या एप्रिलमध्ये चर्च वारले, तेव्हा कुठे 'सन'ने लेखक कोण ते उघड केलं.

उत्तरात काय आहे? पहिलंच वाक्य निकाल देतं: व्हर्जिनिया, तुझे छोटे सवंगडी चुकताहेत. शंकेखोर काळाच्या शंकेखोरपणाची त्यांना बाधा झाली आहे. डोळ्यांना दिसेल तेवढंच ते मानतात. मग लेखक म्हणतो, जगात प्रेम, औदार्य आणि निष्ठा जितक्या खात्रीने आहेत, तितक्याच खात्रीने सांताक्लॉज आहे. पुढे तो थोडा वकिली बाण्यावर येतो. नाताळच्या आदल्या रात्री बाबांना सांगून सगळ्या धुराड्यांवर माणसं बसव. सांता उतरताना कोणाला दिसला नाही, तरी त्याने काय सिद्ध होणार? जगातल्या सर्वांत खऱ्या गोष्टी लहानांना दिसत नाहीत, मोठ्यांनाही दिसत नाहीत. आणि शेवटी, हजार वर्षांनी, नव्हे, दहा गुणिले दहा हजार वर्षांनीही तो मुलांची मनं आनंदवत राहील.

तर्क म्हणून हे कच्चं आहे. 'दिसत नाही, म्हणजे नाही असं थोडंच' या वाक्याने काय वाटेल ते सिद्ध करता येतं, चंद्रावरचे वटवाघूळमानवसुद्धा. मुलीच्या प्रश्नाचा साधा अर्थ होता की नाताळच्या रात्री टांगलेल्या मोज्यात खाऊ कोण ठेवतं. लेखकाने उत्तर दिलं त्या ठेवण्यामागच्या भावनेविषयी. प्रश्न हळूच बदलून घेतला, आणि तो इतक्या सफाईने बदलला की सव्वाशे वर्षांत फार थोड्यांना खटकला. आठ वर्षांच्या मुलीला त्यातलं किती कळलं असेल? बहुधा 'होय, व्हर्जिनिया' एवढे दोनच शब्द. 'आहे' म्हणतात ना, झालं तर.

पण एक गोष्ट मला परत परत वाचल्यावर जाणवली. त्या अग्रलेखात भेटवस्तूंचं नाव नाही. बाहुली नाही, घोडा नाही, खाऊ नाही. आणि शहाण्या मुलांना मिळतं, द्वाड मुलांना मिळत नाही, ही धमकी तर अजिबात नाही. 'आहे' म्हणताना चर्चनी सांताच्या हातातली पोतडी काढून घेतली. ते मुद्दाम केलं की नकळत झालं ते सांगता येणार नाही, पण ते उत्तर अजून वाचावंसं वाटत असेल तर यामुळेच वाटतं.

ज्यांना कोणी विचारलं नाही

आता त्या सवंगड्यांकडे येऊ. मी अडखळले तो शब्द इथला: 'तिच्याइतकी नशीबवान नसलेली' मुलं.

सांताक्लॉजच्या विरोधात साक्ष दिली ती या मुलांनी. ती कोणी तत्त्वज्ञ नव्हती आणि शंकेखोर काळाची त्यांना बाधाबिधाही झाली नसावी. १८९३च्या आर्थिक संकटाने न्यूयॉर्कमधल्या असंख्य घरांतली कमाई बुडवली होती आणि १८९७पर्यंत शहर त्यातून सावरतच होतं. एका घरात नाताळच्या सकाळी मोजा भरलेला, दुसऱ्या घरात रिकामा. रिकाम्या मोज्याच्या मुलाने यातून काय अर्थ काढायचा? त्याच्यापुढे दोनच शक्यता. एक, सांता नसतो. दोन, सांता असतो, पण त्याने मला वगळलं. म्हणजे मी वाईट आहे, किंवा माझं घर त्याच्या खिजगणतीत नाही. या दोहोंत पहिली शक्यता कितीतरी दयाळू आहे. ती मुलं नास्तिक झाली नव्हती, ती स्वतःची अब्रू वाचवत होती. आणि त्यांच्याकडे पुरावा होता! कॉरोनरच्या डॉक्टरांनी मान्य केला असता असा.

अशा मुलांना शहरातल्या एका बड्या वर्तमानपत्राने सांगितलं: तुम्ही चुकताहात, तुमची बुद्धी खुजी आहे.

चर्च यांच्यावर सगळा दोष टाकणं न्यायाचं नाही. त्यांच्यापुढे चार ओळींचं पत्र होतं आणि त्यात 'काही छोटे सवंगडी' एवढाच उल्लेख होता. ही मुलं कशी आहेत हे व्हर्जिनियाने फार नंतर सांगितलं. पण घरात ते माहीत असणार. मुलगी कोणाबरोबर खेळते, हे वडिलांना नाही, तर आईला तरी ठाऊक असतंच. या सगळ्या प्रकरणात आईचा शब्द कुठेच नाही, हेही नोंदवून ठेवते.

इथे थोडं घरचं. आमच्या सोसायटीत काही वर्षांपासून २५ डिसेंबरला संध्याकाळी सांता येतो. कमिटीतलेच एक काका लाल झगा घालतात. आईवडिलांनी आधीच आपापल्या मुलाचं नाव लिहून, कागदात गुंडाळून वस्तू कमिटीकडे द्यायची, आणि सांताने नाव पुकारून ती वाटायची. पहिल्या वर्षी एका मुलाला रिमोटची मोठी गाडी मिळाली आणि पुढच्याच नावाला कंपास. वॉचमनची दोन मुलं कठड्याला टेकून उभी होती. त्यांना चॉकलेट मिळालं, पण नाव पुकारून नाही. कंपासवाल्या मुलाने घरी जाऊन आईला विचारलं की मी गाडीवाल्यापेक्षा कमी शहाणा आहे का. आईला उत्तर सुचेना. दुसऱ्या वर्षीपासून सगळ्यांकडून सारखे पैसे घेऊन सगळ्यांना एकच वस्तू, वॉचमनच्या मुलांसकट, असं ठरलं. त्यावरून मीटिंगमध्ये झालेली भांडणं इथे सांगत नाही.

आपल्याकडच्या जुन्या कल्पित मंडळींचा हिशोब वेगळा होता, असं मला यावरून वाटलं. चांदोमामा काही आणून देत नाही. तो निंबोणीच्या झाडामागे लपतो आणि वाड्यातल्या पोराला दिसतो तसाच वस्तीतल्या पोरालाही. पडलेला दुधाचा दात घेऊन जाणारा उंदीर बदल्यात नवा दात देतो, आणि तो तर सगळ्यांनाच येतो. बागुलबुवा तेवढा खोटा आणि दुष्ट, पण तोही घाबरवताना गरीब-श्रीमंत बघत नाही. याचा अर्थ आपले पूर्वज फार शहाणे होते असा घेऊ नये. त्यांच्याकडे द्यायला वस्तूच नव्हत्या, हे जास्त खरं असेल. वस्तू आल्या की कल्पित माणसाच्याही मागे वहीखातं लागतं.

म्हणून अलीकडे काही घरांत एक साधा नियम पाळतात: सांताच्या नावावर फक्त लहानशी वस्तू ठेवायची, आणि महागाची असेल ती आईबाबांच्या नावाने उघड द्यायची. शाळेत मुलं आपापसांत बोलतात, तेव्हा सांताने सगळ्यांना साधारण सारखंच दिलेलं असतं. या तोडग्यात मला खोट काढता आलेली नाही.

मुलीचं पुढे काय झालं

खोटं कळल्यावर मुलं मोडून पडतात ही पालकांची भीती असते. १९९४ साली टेक्सासमधल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा, कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेंटिस यांचा, यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सांता खरा नाही हे कळलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी ते बोलले होते. बहुतेकांना सात वर्षांच्या आसपास, आपलं आपणच कळलं होतं, आणि कळल्यावर त्यांच्या भावना एकूण बऱ्याच चांगल्या होत्या. वाईट वाटलं होतं ते मुख्यतः पालकांना. दुधाचा दात पडतो मुलाचा, आणि तो डबीत जपून ठेवते आई, तसंच काहीसं.

'सन'ला या अग्रलेखाचं महत्त्व कळायला वेळ लागला. वाचक पुन्हा छापा म्हणून मागे लागायचे आणि कचेरी दाद द्यायची नाही. १९०२मध्ये तो परत छापला तोही कुरकुरत. लोकांच्या कात्रणवह्या जीर्ण झालेल्या दिसतात, अशा अर्थाचा शेरा मारून. १९२०च्या दशकात तो दर नाताळला छापण्याचा परिपाठ पडला आणि १९५०च्या जानेवारीत पेपर बंद होईपर्यंत चालला.

व्हर्जिनियाने हंटर कॉलेजमधून पदवी घेतली, कोलंबिया विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं आणि १९१२पासून न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत शिकवायला सुरुवात केली. लग्न झालं, फार काळ टिकलं नाही, एक मुलगी झाली, ती त्यांनी एकटीने वाढवली. १९३०मध्ये फोर्डम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता मुलांच्या आयुष्यातलं खेळाचं महत्त्व. १९३५ला त्या कनिष्ठ मुख्याध्यापिका झाल्या. ब्रुकलिनमधली त्यांची शाळा दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांसाठी होती आणि तिचे वर्ग हॉस्पिटलांत आणि मुलांच्या घरी भरत. १९५९मध्ये त्या निवृत्त झाल्या. आयुष्यभर लोक त्यांना पत्रं लिहीत राहिले आणि त्या उत्तरासोबत अग्रलेखाची एक छापील प्रत पाठवत राहिल्या. सवंगड्यांपैकी कोणी कधी पत्र लिहिलं का, याची नोंद कुठे सापडत नाही.

१३ मे १९७१ला, ८१व्या वर्षी, त्या वारल्या.

वेस्ट ९५व्या रस्त्यावरच्या त्या घरात पुढे एक खासगी शाळा आली. २००९मध्ये त्या शाळेने व्हर्जिनिया ओ'हॅनलन यांच्या नावाने एक शिष्यवृत्ती सुरू केली. ती घरची परिस्थिती बघून द्यायची ठरली.